तुम्ही ‘छान आहे’ म्हणायचात तेव्हा

वहिनी, तुमच्या तेराव्याला आलेलं प्रत्येक माणूस एकच सांगत होतं. काय हसतमुख बाई होती. कधी तोंडातून वाईट शब्द नाही. तुमचा नितीन दाराशी हात जोडून उभा होता, तुमची सून मानसी सगळ्यांना पाणी देत होती आणि मी भिंतीला टेकून तुमच्या फोटोकडे बघत होते. फोटोतही तुम्ही हसताय. मला त्या हसण्याची भीती वाटते, हे मी कुणाला सांगणार? मोठ्या जावेच्या फोटोला घाबरते म्हटलं तर लोक म्हणतील, या शैलाचंच काहीतरी बिनसलंय. तुमच्यापाशी बोलायला मला कधी लाज वाटली नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

मी ठाकूरद्वारची. आमच्या माहेरी आनंदाची बातमीसुद्धा हळू आवाजात सांगायचे. वडील परीक्षेचा निकाल ऐकून म्हणायचे, बघू, पुढच्या वर्षी काय होतं. तिथून मी लग्न होऊन लालबागला तुमच्या चाळीत आले, तर तुम्ही दारात उभ्या. माप ओलांडताना माझा पाय अडखळला आणि मी मनात म्हटलं, झालं, अपशकुन. तुम्ही माझं कोपर धरून कानात म्हणालात, “होतलां गो सगळां बरां.” मालवणी मला कळायची नाही. पण तेवढं वाक्य कळलं आणि पुढे ते मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा राग यायला लागला.

भावजींची गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही तेच म्हणालात. माझं पहिलं बाळ राहिलं नाही तेव्हाही तेच, फक्त हात माझ्या डोक्यावर ठेवून. मी दुपारी ऑफिसातून निघताना घरातल्या गॅसची काळजी करायचे, माझ्या अजयला शाळेतून यायला जरा वेळ झाला की गॅलरीच्या कठड्याला चिकटायचे. तुम्ही आतून ओरडायचात, “शैले, खाली वाकून पोरगा लवकर येणार हा काय?” चाळीत तुम्हाला आशाबाई म्हणायचे आणि मला काळजीबाई. आपण दोघी हसायचो. पण आपलं भांडण खरं होतं. मी म्हणायचे, वाईट धरून चाललं की धक्का बसत नाही. तुम्ही म्हणायचात, “अगो, वाईट येतला तेव्हा येतला, त्याच्या आधी दहादा कशाक मरूचां?” वर्षानुवर्षं हेच. जेवताना, पापड लाटताना, दोघींचे नवरे गेले त्या दोन्ही दिवशीसुद्धा.

चाळ पाडायचं ठरलं तेव्हा तुम्ही सत्तरी ओलांडली होती. आपल्याला तात्पुरतं राहायला जी जागा दिली ती तुम्हाला आठवत असेल. भिंतीला हात लावला की चुना हाताला यायचा, पाणी पहाटे यायचं आणि नळ शिट्टी मारायचा. वर्षं उलटली, बिल्डर नव्या तारखा देत राहिला. मी प्रत्येक तारखेला म्हणायचे, हे घर आपण बघणार नाही. तुम्ही त्या कोंदट खोलीत बसून नव्या घराचे पडदे ठरवायचात. स्वयंपाकघरात निळे नकोत, माश्या येतात. देव पूर्वेला. कढीपत्त्याची कुंडी खिडकीत. मला तेव्हा वाटायचं, या बाईला खोटं बोलायची सवय लागलीय, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण त्या जागेत आम्हा सगळ्यांना उभं ठेवलं ते तुमच्या त्या पडद्यांनी.

आणि वहिनी, घर झालं. तुमचं खरं ठरलं. तुमचं एकोणिसाव्या मजल्यावर, आमचं सतराव्या. लिफ्टमध्ये आरसा. तुम्ही देव पूर्वेला मांडलेत, पडदे लावलेत, कढीपत्ता खिडकीत ठेवलात. सगळ्या इमारतीत पेढे वाटलेत आणि मला दोन दिलेत. म्हणालात, “एक तू बघणार नाय म्हणालेलीस त्याचो.”

त्यानंतर काय झालं, ते मला अजून नीट लावता येत नाही. वाईट काहीच झालं नाही, हीच तर भीती आहे. नितीनची नोकरी नीट चालली होती. मानसी तुम्हाला जपत होती. साखर, रक्तदाब, सगळं आटोक्यात. घरात कुणी तुम्हाला टाकून बोललं नाही. फक्त दार बंद झालं. चाळीत तुमचं दार दिवसभर सताड उघडं असायचं, इथे ते आपोआप लागायचं. तुम्ही दोन-चार दिवस पाट लावून उघडं ठेवून बघितलंत, मग पाटही आत गेला.

मला पहिल्यांदा शंका आली ती एका रविवारी जेवताना. मानसी ऑफिसातून येता-येता आदल्या दिवशी बांगडे घेऊन आली होती. तुम्ही बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय कोळणीशी बोलायचा नाहीत. तुमच्या धाकाने परळ-लालबागच्या कोळणी तुम्हाला शिळं दाखवायच्या नाहीत. त्या दिवशी मी पहिला घास घेतला आणि थांबले. शिळा होता. नितीननेही पान बाजूला सारलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही जेवत होतात. शांतपणे, काटे काढत, अख्खा बांगडा खाल्लात.

“वहिनी, बांगडा कसा वाटला?”

“छान आहे.”

मानसीला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असाल, असं मी मनाला समजावलं. पण तुमच्या चेहऱ्यावर समजूतदारपणा नव्हता. तुम्हाला चवच लागली नव्हती.

मग मी बघायला लागले. दुपारी बारापर्यंत तुमचे पडदे बंद. टीव्ही चालू, आवाज बंद. केसांना तेल नाही. कढीपत्त्याच्या कुंडीतली माती दगडासारखी झाली होती, आणि तुम्ही तिच्या शेजारीच बसल्या होतात. मी विचारायचे, काय चाललंय, तुम्ही म्हणायचात, छान. झोप लागते का, छान लागते. खाली बागेत येता का, उद्या येते गो. आणि प्रत्येक वेळी तेच हसू, तुमचं, जुनं. घरातलं माणूस उठून गेलंय आणि बाहेरचा दिवा मात्र जळतोय, असं मला वाटायचं.

मी नितीनला गाठलं. तो म्हणाला, “काकू, आत्ताच विचारलं आईला. म्हणाली मजेत आहे.”

“ती तेच म्हणणार रे. ती आयुष्यभर तेच म्हणालीय.”

“आणि तुम्ही आयुष्यभर उलटं म्हणाल्यात.” तो प्रेमाने हसला. “काकू, रागावू नका. पण तुम्हाला सगळीकडे काहीतरी वाईटच दिसतं. आईला एवढं घर मिळालं, आता तिला काय कमी आहे?”

त्यात तथ्य होतं. मी नितीनच्या बारशाला पाळण्याची दोरी तुटेल म्हणून तीनदा ओढून बघितली होती. माझ्यासारख्या बाईने धोका आहे म्हटलं तर कोण ऐकणार? रात्री पडल्या-पडल्या मला माझीही खात्री वाटेना. मला दिसतंय ते खरं आहे, की माझ्या डोळ्यांना तेवढंच बघायची सवय लागलीय? मोठ्याने हसणाऱ्या माणसाला उदास व्हायची मुभा नसते आणि घाबरट माणसाला इशारा द्यायची. आपण दोघी त्या नव्याकोऱ्या इमारतीत अशा अडकलो होतो.

मग तो मंगळवार. मी वर आले तेव्हा तुम्ही खिडकीपाशी खुर्चीत होतात. बाहेर उड्डाणपुलावरून गाड्या जात होत्या, एवढ्या उंचीवर आवाज येत नव्हता. मी चहा टाकते म्हणाले. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “शैला, आता बघूचां असा काय राह्यलांच नाय गो.”

“म्हणजे?”

“घराची वाट बघितली. घर झालां. आता कसली वाट बघूची?” आणि मग अगदी साध्या आवाजात, दुधाचं भांडं खाली ठेव म्हणावं तसं, “सकाळी उठलेच नाय तर बरां होईल. कोणाक त्रास नाय.”

आणि तुम्ही हसलात. वहिनी, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना घाबरलेय, पण त्या हसण्याइतकं भयंकर मी काही बघितलं नाही. मला वाटलं तुम्ही खुर्चीवरून उठू नये. मी चहा टाकलाच नाही. तुमचा हात धरून तिथेच जमिनीवर बसून राहिले, मानसी येईपर्यंत. माझा हात घामाने भिजला होता आणि तुमचा कोरडा होता, थंड.

मानसी आली, चप्पल काढता-काढता तिने आपल्याकडे बघितलं. मी तिला आत नेऊन तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने वाद घातला नाही. “काकू, कधीपासून?” एवढंच विचारलं. नितीन आल्यावर तिने त्याला समोर बसवलं आणि मला म्हणाली, “आता यांना सांगा.” मी सांगितलं. नितीनचा चेहरा बघवेना. तो तुमच्यापाशी जाऊन म्हणाला, “आई, असं बोललीस तू?” तुम्ही म्हणालात, “मी सहज म्हणाले रे. मी छान आहे.” पण या वेळी त्यानेही ते ऐकलं. त्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं.

परळच्या इस्पितळात वयस्कर माणसांसाठी वेगळा विभाग होता, तिथे नेलं तुम्हाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज खाली, घाई नाही. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली. तुम्ही सगळ्याला छान, छान. नितीन माझ्याकडे बघायला लागला. मग त्या म्हणाल्या, “आजी, पुढच्या महिन्यात काय-काय करायचंय?”

तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत. ज्या बाईने न झालेल्या घराचे पडदे निवडले होते, तिला पुढच्या महिन्याचं एक काम सांगता येईना. तुम्ही माझ्याकडे वळलात, शाळेत उत्तर न आलेल्या मुलीसारख्या, आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हुंदका नाही, आवाज नाही. नुसतं पाणी.

नंतर बाईंनी नितीनला सांगितलं की हे नैराश्य आहे, आजार आहे, यावर औषध आहे. आईंचा स्वभाव आनंदी आहे म्हणून आजार दिसला नाही. नितीन म्हणाला, “पण डॉक्टर, ती इतकी आशावादी…” त्या म्हणाल्या, “असतीलच. आशा धरायला पुढे काहीतरी लागतं ना. आणि त्यांना रडता येतं, हे त्यांनी घरात कुणाला दाखवलं असेल असं मला वाटत नाही.” मी मान खाली घातली. तुम्हाला रडताना मीसुद्धा बघितलं नव्हतं. भावजी गेले तेव्हा मी रडत होते आणि तुम्ही माझी समजूत घालत होतात.

औषधाने लगेच काही झालं नाही. पहिले काही आठवडे तर तुम्ही जास्तच झोपायचात आणि मी दर तासाला वर येऊन तुमची छाती हलतेय का बघायचे. मानसीने मला दाराची किल्ली दिली. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं की आपण तिघी जायचो. बाहेर ऊन असो, पाऊस असो, मी तुम्हाला रोज संध्याकाळी खाली बागेत आणायचे आणि आपण दोघी त्या सिमेंटच्या बाकावर बसायचो.

एकदा तुम्ही म्हणालात, “उकडतंय.”

मी दचकले. इतक्या वर्षांत तुम्ही उकडतंय म्हणाल्या नव्हतात. मे महिन्यात चाळीच्या माळ्यावर बसूनही तुम्ही वारा बरा आहे म्हणायचात. मी म्हटलं, “हो, फार उकडतंय.” मग तुम्ही म्हणालात, “आणि हा बाक टोचतो.” “टोचतोच.” “आणि ती सहाव्या मजल्यावरची बाई फार बोलते.” मी हसायला लागले. तुम्ही हसला नाहीत, तुम्ही नुसता सुस्कारा सोडलात, पण तो तुमचा होता. मला वाटतं, तुम्ही बऱ्या व्हायला लागलात ते त्या कुरकुरीपासून.

मग तुम्ही एक गोष्ट बोललात. मधूनच, कुठलाही विषय नसताना. “शैले, तू लहानपणापासून घाबरत आलीस. तुका घाबरून जगूची सवय आसा. मी पहिल्यांदा घाबरले ती म्हातारपणी. माका ते जमलांच नाय.”

“कशाला घाबरलात?”

“तां माका अजून कळाक नाय.” थोड्या वेळाने म्हणालात, “पण तुझांच खरां होतां असा समजू नको हां. तू वाईट धरून चाललीस आणि चांगल्या दिवशी पण घाबरलीस. तां पण काय जगणां न्हय.”

मला उत्तर द्यायचं होतं. मी म्हणणार होते, वहिनी, मला घाबरायला जमलं ते तुम्ही शेजारच्या खोलीत होतात म्हणून. मी वाईट बोलायचे आणि तुम्ही ते खोडून काढायचात. तुम्ही खोडणार हे ठाऊक नसतं तर मी तोंडातून काढलंच नसतं. पण तेवढ्यात तुमच्या औषधाची वेळ झाली आणि आपण उठलो. मला वाटलं, उद्या सांगू. मी, उद्याचा कधी भरवसा न धरणारी, त्या दिवशी उद्यावर टाकलं.

नंतरचे महिने चांगले गेले, ते मी नाकारणार नाही. तुम्ही मानसीशी नारळ किती घालायचा यावरून भांडलात. सावंतवाडीला भाचीकडे जाऊन आलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध हळूहळू कमी करू. आणि एका सकाळी, चहा व्हायच्या आधी, तुमचं हृदय थांबलं. मानसीची हाक ऐकून मी जिन्याने धावत वर आले. तुम्ही कुशीवर होतात, हात उशीखाली. लोक म्हणाले, भाग्यवान, झोपेत गेली. मला मात्र तो मंगळवार आठवत होता. तुम्ही जे मागितलं होतंत तेच मिळालं, पण तुम्ही ते मागायचं सोडून दिल्यावर. मी तुमच्या खोलीत उभी राहून गोळ्यांची पाकिटं तपासली. सगळं वेळच्या वेळी घेतलेलं होतं. डॉक्टरांनीही हृदयच सांगितलं. तरी तपासलं.

आता मुख्य सांगायचं ते. तुम्ही गेल्यावर मी खूप रडले, मग रडणं थांबलं, आणि त्याबरोबर आणखी काहीतरी थांबलं. या पावसात एका संध्याकाळी हिंदमाताच्या चौकात कंबरभर पाणी भरलं. अजय मोटारसायकलवर, दादरहून त्याच रस्त्याने यायचा होता. एरवी मी त्याला इतके फोन केले असते की त्याने वैतागून बंद करून ठेवला असता. त्या दिवशी मी टीव्हीवर ते पाणी बघत बसले. कुणी दुसऱ्याच शहराचं दाखवताहेत असं. तो ओलाचिंब होऊन आला आणि हसत म्हणाला, “आई, एकही फोन नाही? सुधारलीस की.”

मी म्हणाले, “हो.”

त्याने ते सगळ्यांना सांगितलं. आई आता काळजी करत नाही. नितीन म्हणाला, काकूंना आता शांती मिळाली. घरात मी पहिल्यांदाच कौतुकाचा विषय झाले. आणि मी ताटासमोर बसून विचार करत होते, काळजी वाटत नाही ती कशाने? अजय सुखरूप येईल असं वाटलं म्हणून? नाही. येईल की नाही, हे मनात आलंच नव्हतं. आतून काही हललंच नाही. तुमचं हसू जसं वर राहिलं आणि आतलं गेलं, तसं माझं काय वर राहिलंय, ते मला दिसेना. तुमची आशा गेली तेव्हा कुणाला कळलं नाही. माझी भीती गेली तर सगळे आनंदाने टाळ्या वाजवणार. तुमच्याकडे बघायला मी होते. माझ्याकडे बघायला कोण आहे?

हे मनात आलं आणि थंडी वाजावी तशी मी हलले. दोन दिवस कुणाला बोलले नाही. बोलायचं म्हणजे काय म्हणायचं, मला भीती वाटेनाशी झालीय म्हणून वाचवा? तिसऱ्या दिवशी वर गेले. मानसी भाजी चिरत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, “मानसी, मला बरं नाहीय. ताप नाही, काही दुखत नाही. पण वहिनींना झालं होतं तसं काहीतरी होतंय.” तिने विळी बाजूला ठेवली, हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. “अजयदादांना सांगू?” म्हणाली. मी म्हटलं, “सांग. मला नाही सांगता येणार. तो खूश आहे.”

त्याच डॉक्टरीणबाई. त्यांना तुमचं कळल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, पाण्याचं, अजयचं, ताटाचं. मला छान म्हणायची सवय नसल्याने ते सोपं गेलं. तेवढा एक फायदा. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दर पंधरवड्याला यायला सांगितलं. अजय पहिल्या वेळी आला होता. बाहेर बाकावर बसून तो माझा हात धरून नुसता जमिनीकडे बघत होता. म्हणाला, “मला वाटलं तू सुखी झालीस.”

वहिनी, मी बरी होईन की नाही, मला माहीत नाही. तुम्ही असतात तर काय म्हणाल्या असतात ते ठाऊक आहे, आणि ते म्हणायला तुम्ही नाहीत म्हणून तर हे सगळं. काही सकाळी उठून मी खिडकीजवळ जात नाही, मुद्दाम. जिन्यात तुमच्या मजल्याकडे पाय वळतात आणि मी त्यांना थांबवते, मग वाटतं कशाला थांबवू, मानसी आहे, आणि वर जाते.

काल आम्ही पुन्हा इस्पितळात गेलो होतो, मी आणि मानसी. तपासणी झाली. ती म्हणाली, काकू, तुम्ही इथे बसा, समोरच्या दुकानातून गोळ्या घेऊन येते. मी बसले. रस्ता मोठा आहे तो, बस आणि ट्रक सारखे वळतात. ती येईना. मी दाराकडे बघितलं, पुन्हा बघितलं. बाहेर कुणीतरी जोरात ब्रेक दाबला. मला आठवलं, तिने हिरवा पंजाबी ड्रेस घातलाय, आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. मी उठले, पिशवी बाकावरच राहिली, माणसांना बाजूला सारत फाटकापाशी आले आणि पलीकडच्या गर्दीत हिरवं शोधायला लागले.

ती दुकानाच्या रांगेत उभी होती. मला बघून धावत आली. “काकू, काय झालं? रांग होती नुसती.”

मी तिचं मनगट धरलं ते सोडेना. “उशीर झाला तुला,” मी म्हणाले.